थंडीचा अर्धा वाटा

वैशाखातल्या भर दुपारी लोकरीचा कोट अंगावर चढवून उभं राहिलं, की घामाचा पहिला थेंब मानेखालून निघतो, पाठीच्या मधोमध आपली वाट शोधत कमरेपर्यंत येतो आणि तिथे थबकतो. त्या क्षणी माणसाला काय वाटतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मला ठाऊक आहे. चामोर्शीच्या बाजारात कासीमभाई शिंप्याच्या दुकानात, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नसताना, मी तसा उभा होतो. लोकरीचा तो उग्र मेंढरी वास, त्यात मिसळत चाललेला माझ्या घामाचा वास, आणि कुडाच्या भिंतीतून आत येणारी तापल्या मातीची झळ. कासीमभाई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होते, आणि मध्येच थांबून, टाचण्या हातात घेऊन, वैद्याने नाडी पाहावी अशा गांभीर्याने विचारत होते, "मास्तर, कुठून थंडी घुसून नाई राह्यली ना?"

आमच्या चांदा जिल्ह्याला ऊन म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. फाल्गुनात पळसाच्या फुलांतून डोकावणारं कोवळं ऊन, चैत्रात मोहाखाली पसरलेलं गोडसर वासाचं ऊन, आणि वैशाखात अंगणात पाय ठेवू न देणारं ते उन्मत्त ऊन. अशी त्याची नाना रूपं आम्ही जन्मापासून पाहतो, त्याच्याशी भांडतो, त्याच्याच सावलीला बसतो. थंडी मात्र आमच्याकडे पाहुणी. पौषात येते, तळ्याच्या पाण्यावर धुकं पांघरून चार दिवस राहते, आणि संक्रांतीचा तीळगूळ तोंडात विरघळायच्या आत काढता पाय घेते. अशा मुलखातल्या माणसाने थंडीची तयारी करायला निघावं, आणि तीही वैशाखात! यासारखा आनंदाचा वेडेपणा दुसरा कोणता असेल? आज इतक्या वर्षांनीही तो आठवला, की मी एकटाच बसून हसतो.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि आमची राजधानी अजून नागपूर होती. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या इंग्रजीचा मला थोडा गर्वच होता. बाजारातून जातानासुद्धा मी मनातल्या मनात वांग्यांचे भाव इंग्रजीत विचारत असे. पूर्वी ज्याला आपल्याकडे हबसाण म्हणत आणि नकाशावर जे इथिओपिया म्हणून दिसतं, त्या देशात नव्या शाळा निघत होत्या आणि त्यांना हिंदुस्थानातले इंग्रजीचे मास्तर हवे होते. मी सहज अर्ज केला होता आणि विसरूनही गेलो होतो. चैत्रात एक जाड लिफाफा आला. तीन वर्षांची नेमणूक, डोंगरावरचं एक गाव, आणि सोबत तिथे आधी राहून आलेल्या एका गृहस्थांनी लिहिलेली सूचनांची यादी. यादीत पहिलंच वाक्य होतं की आफ्रिका म्हणजे उन्हाळा असं समजून कोणी येऊ नये. गाव फार उंचावर आहे, सकाळी हाताची बोटं खडूसुद्धा धरू शकत नाहीत, तरी लोकरीचा कोट, दोन स्वेटर, हातमोजे आणि जाड पायमोजे अवश्य आणावेत. शेवटी मान्यतेचा कागद होता. त्यावर सही करून वैशाखी पौर्णिमेच्या आत तो टपालात टाकायचा होता.

गावात बातमी पसरली आणि ज्याने त्याने मला थंडीतला शहाणपणा शिकवायला सुरुवात केली. ज्या माणसाने आयुष्यात कधी चांद्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तोही मला बर्फात चालायची रीत सांगू लागला. आमच्या मुख्याध्यापकांनी आपला मफलर आणून दिला. तो त्यांनी स्वतः कधी वापरला नव्हता, घडीच्या खुणांवरून कळत होतं. आठवड्याच्या बाजारात चारोळी आणि मध घेऊन येणारी जंगलगावची एक म्हातारी गोंडीण मला न्याहाळून म्हणाली, "तिकडं मोहाचं झाड हाय का?" मी नाही म्हणताच तिने अशी मान हलवली, की त्या देशाबद्दल तिला आणखी काही ऐकायचंच नव्हतं.

कासीमभाईंनी याआधी आयुष्यात एकच कोट शिवला होता, जंगलखात्यातल्या एका साहेबासाठी, आणि तो साहेब बदलून गेल्यामुळे कोट कसा झाला हे त्यांना कधी कळलंच नाही. म्हणून माझ्या कोटाच्या बाबतीत त्यांनी कसलीही कसर ठेवायची नाही असं ठरवलं. आत दुहेरी अस्तर घातलं. अंगाभोवती चांगली चार बोटं ढील सोडली, कारण विचारलं तर म्हणाले, "थंडीत माणूस फुगते मास्तर, तुम्ही पाहाजा." कोट चढवून मी एक अख्खं पान खाऊन होईपर्यंत बसायचं, अशी त्यांची परीक्षा होती. पान संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि कासीमभाई तृप्त चेहऱ्याने म्हणत होते, की आता हिमालय जरी आला तरी आत शिरत नाही.

घरात दुसरी आघाडी उघडली होती. माझी बायको यमुना राजुऱ्याची. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून "या घरात परदेशातून आलेली पहिली व्यक्ती मीच, तुमचं कौतुक काय," असं ती मला चिडवी. पहिलं वर्ष तिने घरीच राहायचं, मी तिकडचं बस्तान बसवलं की मग यायचं, असं आमचं ठरत होतं. त्या ठरण्याचं दुःख तिने दोन सुयांवर काढलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून ती विणायला शिकली. नागपूरहून लोकर आली ती हळदीच्या रंगाची, कारण दुसरी नव्हतीच. आता चामोर्शीच्या वैशाखात लोकर विणणं म्हणजे काय, याची तुम्ही कल्पना करा. बोटं घामेजत, लोकर सुईला चिकटे, आणि मांडीवर स्वेटराचा गोळा वाढत जाई तसतशी ती पाय लांब करून भिंतीला सरके. डावी बाही तिने सकाळच्या वेळी विणली, तेव्हा हात कोरडे असत आणि टाके घट्ट येत. उजवी बाही दुपारची, घामाने टाके सैल पडले. परिणामी उजवी बाही डावीपेक्षा चार बोटं लांब झाली. मी घालून दाखवला तेव्हा ती क्षणभर हिरमुसली आणि मग म्हणाली, "उजव्या हातानं खडू धरता ना तुम्ही, मंग तोच जास्त झाकला पाहिजे."

असं सगळं गाव, सगळं घर माझ्या थंडीत गुंतलं होतं. गुंतला नव्हता तो एकच माणूस, माझा बा. लिफाफा आला त्या दिवशी मी त्याला सगळं वाचून, समजावून सांगितलं होतं. त्याने ऐकलं, विडी विझवली, आणि जाळं खांद्यावर टाकून तो निघून गेला. त्यानंतर महिना होत आला तरी त्या विषयावर त्याच्या तोंडून अक्षर नाही. जा म्हणेना, नको म्हणेना. कोट झाला, स्वेटर झाला, ट्रंक आली; मान्यतेचा कागद मात्र ट्रंकेच्या तळाशी तसाच कोरा पडला होता. मी कुणाला बोललो नव्हतो, पण मनाशी पक्कं केलं होतं, की बाने जा म्हटलं तरच सही करायची. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती.

एवढं काय अडलं होतं त्याच्या शब्दावाचून, असं तुम्ही विचाराल. तर त्यासाठी मला माझ्या बाराव्या वर्षीच्या पौषात जावं लागेल, जिथे मी सहसा जात नाही.

आम्ही ढिवर. गावाशेजारचं तळं आणि कोसभरावरची वैनगंगा ही आमची शेती. पौषात तळ्याचं पाणी उतरलं की ओढायचं मोठं जाळं निघे. पहाटे पुरुष पाण्यात उतरत, जाळं ओढून काठाला आणत, मग बाहेर येऊन शेकोटीला बसत. ते शेकत असताना पोरांनी हातजाळी घेऊन पाण्यात शिरायचं, आणि कडेच्या लव्हाळ्यातून, चिखलातून निसटलेले झिंगे आणि मरळ काढायचे. शेवटी सगळ्या माशांचे वाटे पडत. जो पाण्यात उतरला त्या प्रत्येक पुरुषाला एक वाटा, जाळ्याच्या धन्याला एक, आणि पोराला अर्धा. जो पाण्यात उतरला नाही, त्याला काही नाही; मग तो कुणाचाही लेक असो. आणि उतरण्याची एक रीत होती. आधी अंगाला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोपडायचं आणि शेकोटीकडे न पाहता सरळ पाण्यात जायचं. आग नंतर. म्हातारे म्हणत, "आधी पाणी, मंग आग." आगीवरून उठून जो पाण्यात जातो, त्याला थंडी दुप्पट डसते.

हे तेल मोठं गमतीचं. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पातळ असतं आणि थंडी पडली की तुपासारखं पांढरं होऊन थिजतं. माझी माय सकाळी डब्यात बोट घालून पाही आणि तेल थिजलेलं लागलं की सांगे, पूस आला, म्हणजे पौष लागला. आमच्या घरात पंचांगापेक्षा त्या डब्यावर अधिक विश्वास होता.

बाराव्या वर्षी हातजाळं हातात देऊन बाने मला पहिल्यांदा तळ्यावर नेलं. मायने छातीला, पाठीला तेल चोपडून दिलं होतं. पण पुरुष जाळं ओढत होते तोवर पोरांना थांबायचं होतं, शेकोटी समोर होती, आणि मी शहाणा तिच्याजवळ जाऊन बसलो. कुणाचं लक्ष नव्हतं. हात शेकले, पाय शेकले, अंगावरचं तेल वितळून ओघळून गेलं. मग पोरांना हाक आली. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो आणि त्या पाण्याने मला असं धरलं, की तोंडातून आवाजच फुटेना. मी मागे वळलो. हातजाळं तिथेच टाकलं आणि सगळ्या मोहल्ल्यादेखत, ओल्या पायांनी, घरापर्यंत पळत आलो. दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं सोंग केलं. तिसऱ्या दिवशी बाने सोंग ओळखलं. तो मला रागावला नाही; नुसतं म्हणाला, "जा, शाळेत जा." संक्रांत झाली आणि मला चांद्याला मामाकडे इंग्रजी शाळेत धाडून दिलं.

म्हणजे लोक समजतात तसा मी विद्येच्या ओढीने शिकलो नाही. मी थंडीला भिऊन शिकलो. पौषातल्या पाण्यापासून जितकं लांब पळता येईल तितकं पळालो, आणि पळता पळता इंग्रजीपर्यंत पोहोचलो. आता ती इंग्रजी मला उचलून अशा गावात नेऊन टाकत होती, जिथे बारा महिने पौष. दैवालाही विनोदबुद्धी असते हे मी तेव्हाच मानलं. पण हसण्याखाली एक काटा होता. ज्याचं पोरगं गुडघाभर पाण्यातून पळून गेलं, त्या बापाला त्याचं डोंगरावर थंडीत जाणं म्हणजे एक थट्टाच वाटत नसेल का? त्याच्या मौनाचा मी लावलेला अर्थ हा होता. मला वाटे, तो माझी अजून लाज बाळगून आहे.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी, उजाडता उजाडता, बा माझ्या खोलीत आला. खुंटीवर कोट टांगलेला होता. त्याने तो काढला, हातावर तोलला, अस्तर दोन बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाला, "हा भिजला तं बुडवन तुले." महिन्याभरातलं त्याचं या विषयावरचं हे पहिलं वाक्य. मग कोट खुंटीला लावून म्हणाला, "चाल." माय दारातच उभी होती. तिने तेलाचा लहान डबा बाच्या हातात दिला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

आम्ही वैनगंगेवर गेलो. वैशाखातली नदी म्हणजे नुसती वाळू. मधोमध पाण्याची एक बारीक धार, काठाने टरबुजांच्या वाड्या, आणि खडकाच्या कडेला एक डोह, जो कुठल्याच उन्हाळ्यात आटत नाही. सूर्य नुकता वर आला होता आणि वाळू आत्ताच कोमट लागत होती. बाने डबा उघडला. तेल पाण्यासारखं पातळ. त्याने ते हातावर घेऊन माझ्या छातीला, पाठीला, खांद्यांना चोपडायला सुरुवात केली. मी तिशीला आलेला, चार इयत्तांना शिकवणारा मास्तर, मुकाट्याने हात वर करून उभा राहिलो. त्याच्या तळहातावरच्या दोरांच्या रेघा मला पाठीवर वाचता येत होत्या.

मी विचारलं, "बा, या दिवसांत कायची थंडी?"

"थंडी मरत नाई," तो म्हणाला. "उनाळ्यात खाली जाऊन बसते. चाल, दाखवतो."

आणि तो डोहात उतरला. मी मागे. वरचं पाणी कोमट, अंघोळीला काढून ठेवल्यासारखं. त्याने माझा हात मनगटात धरला, मान हलवली, आणि आम्ही बुडी मारली. आधी कोमट पाणी डोळ्यांवरून गेलं, मग जरा गार, आणि मग एकाएकी, जणू एखादा उंबरठा ओलांडावा तशी, ती भेटली. तीच. बाराव्या वर्षी मी जिच्यापासून पळालो होतो, तीच पौषातली थंडी, तळाच्या काळोखात स्वस्थ बसलेली. छाती आवळली, कानांत घण बसू लागले, आणि पाय आपोआप वर जायला धडपडले. बाने मनगट सोडलं नाही. त्याने माझा तळहात तळच्या वाळूवर टेकवला. मग सोडलं.

वर येऊन मी धापा टाकल्या, खोकलो, आणि काय वाटलं कोण जाणे, त्याने काही म्हणायच्या आत पुन्हा बुडी मारली. या वेळी एकटाच. वाळूला हात टेकवला, मनात दहा अंक मोजले, तेही इंग्रजीत, आणि वर आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा थंडी होती तेवढीच होती, पण मी तिच्याशी भांडत नव्हतो. एवढं सोपं होतं हे? अठरा वर्षं मी कशाला भीत होतो?

आम्ही बाहेर येऊन वाळूवर आडवे झालो. शेकोटीची गरज नव्हती, खालची वाळूच शेकोटी झाली होती. मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, "बा, मी तवा पळालो, तुले लाज वाटली असन."

त्याने मूठभर वाळू उचलली. मग त्याने जे सांगितलं, ते मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही. "लाज कायची? लेकरू होतं. पण मोहल्ल्यात सारे म्हणे, पोरगा पाण्यात नाई उतरला, त्याचा अर्धा वाटा तोडा. म्या म्हनलं, तोडू नका, त्याच्या बदल्यात मी उतरतो. चार पूस उतरलो. माह्यं जाळं ओढून झालं का आगीजवळ बसो, अन् पोरायले हाक आली का उठून पोरायसंग मंग पाण्यात जाओ. हसे सारे. तुह्या अर्ध्या वाट्याचे मासे इकून जे धान ये, ते घेऊन तुही माय चांद्याले तुह्या मामाकडं पोचवे." हातातली वाळू त्याने सोडून दिली. "तुह्या वाट्याची थंडी आतापर्यंत म्याच घेतली. पण त्या मुलखातली मले कशी घेता येन? इथून हात पुरत नाई. म्हनून बोलाले जीभ उठत नोहती."

आगीवरून उठून पुन्हा पाण्यात. चार हिवाळे. जी रीत मोडली म्हणून माझी एका सकाळीच दाणादाण उडाली, ती रीत हा माणूस माझ्यासाठी रोज मोडत होता, पोरांच्या रांगेत उभा राहून, सगळ्यांचं हसणं झेलत. आणि मी चांद्याला मामाच्या पडवीत, रजई पांघरून, ज्या भाताच्या जोरावर इंग्रजी क्रियापदांची रूपं घोकत होतो, तो भात त्या पाण्यातून येत होता. मी लहान मुलासारखा रडलो. बाने रडू दिलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "आता तुले थंडी भेटली. आता जाजो. पण तिकडंबी आधी पाणी, मंग आग. आगीजवळ जाऊन बसशीन तं पुन्हा पळून येशीन." आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो इतका हसला, की टरबुजाच्या वाडीतला राखणदार उभा राहून आमच्याकडे पाहू लागला. येताना त्याच वाडीतलं एक टरबूज आम्ही दोघांनी रस्त्यात फोडून खाल्लं.

घरी येताच मी ट्रंक उपसून तो कागद काढला आणि सही केली. यमुनेने शाई वाळेपर्यंत कागदाला वारा घातला. मायने तेलाचा मोठा डबा भरला, झाकणाभोवती फडकं बांधलं, वरून मेण लावलं, आणि तो माझ्या कोटात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. ही एवढी एक चूक तिच्याकडून झाली. मुंबईच्या बंदरावर आणि पुढे बोटीच्या पोटात जी उष्णता होती, तिच्यापुढे मेणाने केव्हाच शरणागती पत्करली असावी. त्या दूरच्या गावी पोहोचून मी ट्रंक उघडली, तेव्हा कासीमभाईंच्या दुहेरी अस्तराने अर्धा डबा तेल पिऊन टाकलं होतं, आणि कोटाला आमच्या मोहल्ल्याचा वास येत होता.

गाव सुरेख होतं. उंच निळसर झाडं, दगडी वाटा, पहाटे दऱ्यांतून वर येणारं पांढरंशुभ्र धुकं. पहिल्याच सकाळी मी डब्यात बोट घातलं. उरलेलं तेल थिजून पांढरं झालं होतं. भाद्रपद चालू होता, पण माझ्या तोंडून आपसूक निघालं, पूस आला. शाळेत सगळे शिक्षक घंटा होईपर्यंत निखाऱ्यांच्या शेगडीभोवती हात शेकत बसत, आणि घंटा झाली की कुडकुडत वर्गात जात. मी तेल चोपडून, हळदीच्या रंगाचा स्वेटर आणि वर कोट घालून, आधी पटांगणाला तीन फेऱ्या मारी, धुकं छातीत भरून घेई, आणि मग शेगडीपाशी जाई. सोबती मला वेडा समजत. वर्गातली पोरं पहिले काही दिवस नाकं उडवून माझ्या कोटाचा वास घेत; पुढे त्यांना तो इतका सवयीचा झाला, की त्यावरून मास्तर व्हरांड्यात आल्याचं त्यांना आधीच कळे. खडू मात्र माझ्या बोटांनी कधी सोडला नाही. उजवी बाही खरंच चार बोटं लांब लागत होती.

मी घरी सविस्तर पत्र लिहिलं. तेल थिजल्याचं लिहिलं, फेऱ्यांचं लिहिलं, आणि शेवटी बासाठी एक ओळ लिहिली, की माझा वाटा आता मी घेतो आहे, पूर्ण घेतो आहे, काळजी करू नको. यमुनेची उत्तरं येत राहिली, मायची खुशाली, शाळेची खुशाली. बाकडून काही नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्याचा स्वभाव माहीत असूनही मी प्रत्येक पत्र उलटून मागची बाजू पाही. तिकडच्या त्या थंड, स्वच्छ उन्हात मला एकच रुखरुख होती, की माझी ओळ त्याला पोहोचली की नाही.

कागदावर सही केल्याला वर्ष झालं. एका सकाळी धुक्यातून टपालवाला आला. यमुनेने लिहिलं होतं, की उन्हाने जीव नको केला आहे, तळं तळाला गेलं आहे, दुपारी अंगणात लाह्या फुटाव्यात, आणि कासीमभाई रोज विचारतात की कोटात माणूस फुगला का. आणि खाली, वेगळ्या ओळीत (बाला ती मामाजी म्हणते): "काल मामाजींना तुमचं पहिलं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. हे दहाव्यांदा. आज सकाळी आपणहून जवळ येऊन बसले आणि म्हणाले, मी सांगतो तसंच लिही, शब्द बदलू नको. म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते: इथी वैशाख लय तापून राह्यला. तुह्याजवळ थंडी जास्त झाली असन तं सारी एकट्यानं नको घेऊ. अर्धा वाटा इकडं पाठवून दे."

मी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, जिथे तेलाचा वास सगळ्यात दाट होता. मग बाहेर पडून रोजच्यासारख्या फेऱ्या मारू लागलो. त्या दिवशी तीनऐवजी सहा मारल्या, निम्म्या त्याच्या.